पावसाळ्यात काळा ग्लॉस पांढरा पडतो: तीन वेळा घासलेली बीटल आणि उशिरा सापडलेलं कारण

जून संपला की माझ्याकडे हा प्रॉब्लेम हजर होतो, गेली चार वर्षं झाली, आणि यावर्षी कुठे त्याची मुळापासून सोय लागली म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. छोट्या मॉडेल गाडीच्या बॉडीला काळा ग्लॉस, म्हणजे चकचकीत पेंट, मारायचा, पहिली दोन मिनिटं अगदी आरसा, आपण खूश, आणि मग डोळ्यांदेखत बोनेटवर पांढरट ढग चढायला लागतो. शाळेत पाटीवर ओला फडका फिरवल्यावर ती वाळताना जशी पांढुरकी दिसायची ना, तस्सं. छतावर सगळ्यात जास्त, दारांवर कमी, आणि खालच्या कडेला कधीकधी अजिबात नाही. हात लावला तर एकदम गुळगुळीत, खरखर नाही. यालाच ब्लशिंग म्हणतात. लाल-पिवळ्यावर होतं तेव्हा नीट कळत नाही, रंग जरा मेल्यासारखा वाटतो एवढंच, पण काळ्यावर लपायला जागाच नाही.

माझा सेटअप आधी सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळतो का बघता येईल. डोंबिवलीत चौथा मजला, बाल्कनी कपड्यांच्या दोऱ्यांसकट जेमतेम तीन बाय सहा फूट, तिथेच पुठ्ठ्याच्या खोक्यात स्प्रे मारतो. पेंट म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो साधा लॅकरचा, म्हणजे पटकन सुकणाऱ्या थिनरवाल्या पेंटचा, स्प्रे कॅन, आणि बारीक कामाला छोट्या कॉम्प्रेसरवरची एअरब्रश, म्हणजे पेनासारखी हातात धरायची बारीक स्प्रे गन. हातात दोन गाड्या होत्या. एक १:२४ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी, जुनी मेटलची बीटल, रंग काढून पुन्हा काळी करायला घेतलेली. दुसरी मित्राने थ्रीडी प्रिंट करून दिलेली रेझिनची प्रीमियर पद्मिनी, तिची काळी-पिवळी टॅक्सी करायची होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हापासून डोक्यात होतं की एक आपल्या कपाटात असायला पाहिजे.

बीटल पहिल्यांदा पांढरी पडली तेव्हा मी कॅनला दोष दिला. जुना असेल, दुकानात उन्हात पडला असेल वगैरे. दुसऱ्या कंपनीचा आणला, परत तेच. मग प्रायमरवर, म्हणजे पेंटखालच्या अस्तरावर, संशय, तो बदलला. मग कुणीतरी म्हणालं जाड थर मारतोयस, पातळ मार, तर इतका पातळ मारला की पेंट हवेतच सुकून बॉडीवर भुकटी बसली, ती वेगळीच कटकट. तिसऱ्या वेळी मी चक्क पाऊस थांबायची वाट बघितली, उघडीप होती, ऊन पडलं होतं, आणि तरीही पांढरी. तीन वेळा थिनर लावून, वॉटर पेपरने घासून तो बारीक धातू उघडा करायचा म्हणजे काय हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल, दाराच्या हँडलचं डिटेल निम्मं गेलं त्यात.

गंमत अशी की त्या तिसऱ्या वेळी त्याच कॅनमधून, त्याच दहा मिनिटांत मी पद्मिनीच्या खालच्या भागालाही एक हात मारला होता आणि ती मात्र चकचकीत काळी निघाली. तोच पेंट, तीच हवा, एक गाडी पांढरी आणि एक काळी. मी रेझिन आणि मेटलचा काहीतरी केमिकल लोचा असेल म्हणून सोडून दिलं.

कारण सापडलं ते एसी लोकलमध्ये. म्हणजे लोकलमधून उतरताना. जुलैची संध्याकाळ, डोंबिवलीला दरवाजा उघडला, प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला आणि चष्मा ठार पांढरा. दर पावसाळ्यात रोज होतं हे, रुमालाने पुसायचं आणि चालायला लागायचं. त्या दिवशी पुसता पुसता डोक्यात आलं की बीटल कुठे असते? बेडरूमच्या कपाटात, रात्रभर एसी चालू असतो तिथे, सकाळी काढायची आणि थेट बाल्कनीत नेऊन स्प्रे. आणि पद्मिनी? ती आदल्या रात्रीपासून बाल्कनीजवळच्या खिडकीतच पडली होती. म्हणजे मी चष्मा पुसतो आणि गाडीवर तसाच पेंट मारतो.

आता यामागचं गणित सांगतो, कंटाळवाणं नाहीये. हवेत जी वाफ असते ती ठरावीक तापमानाच्या खाली गेली की पाणी होऊन बसते, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. तो काढायची ढोबळ युक्ती अशी की शंभरातून आर्द्रतेचा आकडा वजा करा, पाचाने भागा, आणि जे येईल ते तापमानातून वजा करा. आर्द्रता पन्नासच्या वर असताना हे बऱ्यापैकी बरोबर येतं. पावसाळ्यातली आमची बाल्कनी म्हणजे २९ डिग्री आणि ८५ टक्के, तर पंधरा भागिले पाच म्हणजे तीन, दवबिंदू २६. आणि माझी बीटल एसीतून आलेली, २४ डिग्रीची. म्हणजे पेंट मारायच्या आधीच तिच्यावर पाण्याचा थर बसायला सुरुवात झालेली असणार, फक्त राखाडी प्रायमरवर तो दिसत नाही. मेटलची बॉडी जड असते, गरम व्हायला वेळ घेते, पातळ प्लास्टिक किंवा रेझिन पाच-दहा मिनिटांत बाहेरच्या हवेच्या बरोबरीला येतं.

बरं, बॉडी थंड नसली तरी गोष्ट संपत नाही. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार लागतं ना, तेच पेंटमधलं सॉल्व्हंट, म्हणजे पेंट पातळ ठेवणारा द्रव, उडताना गाडीवर होतं. लॅकरचं थिनर तर फार पटकन उडतं, शिवाय कॅनमधला गॅस बाहेर पडताना कॅन आणि फवारा दोन्ही गार करतो, सलग मारलंत तर कॅन हाताला बर्फासारखा लागतो. म्हणजे ओल्या पेंटचा पृष्ठभाग आसपासच्या हवेपेक्षा काही डिग्री खाली जातो. नोव्हेंबरात ३० डिग्री आणि ५५ टक्के असताना दवबिंदू २१ च्या आसपास, नऊ डिग्रीचा फरक आहे, काही बिघडत नाही. जुलैत फरकच तीन डिग्रीचा. मोठ्या लोखंडी कामाला, पूल-टाक्या वगैरे, पेंट मारताना पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ डिग्री वर पाहिजे असा नियमच असतो, आणि आपण नेमके त्या रेषेवर उभे राहून कॅन हलवत असतो.

मग ते पाणी ओल्या लॅकरमध्ये शिरतं, पेंटमधलं रेझिन, म्हणजे रंग धरून ठेवणारा घटक, तिथल्या तिथे फुटल्यासारखं होतं, पाणी नंतर उडून जातं पण मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यात उजेड विखुरतो. बर्फाची लादी आरपार दिसते पण गोळेवाल्याने किसली की पांढरी, तसंच हे. त्यामुळे रंग खराब झालेला नसतो, काळा खालीच असतो, वरचा थर फक्त किसलेल्या बर्फासारखा झालेला असतो. हे समजलं असतं तर मी बीटल एकदाही घासली नसती.

कारण पांढरी पडलेली गाडी बहुतेक वेळा वाचवता येते आणि त्यासाठी पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. पुसू नका, फुंकर मारू नका, आणि पंखा तर अजिबात लावू नका. पंख्याने लवकर सुकेल असं वाटतं पण सॉल्व्हंट आणखी जोरात उडतं, पृष्ठभाग आणखी गार, आणखी पाणी. मी पहिल्या वर्षी टेबल फॅन लावून उभा होतो, आता आठवलं की हसू येतं. वीसेक मिनिटं बाल्कनीतच झाकून ठेवा, मग कोरड्या खोलीत आणा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. हलका ढग असेल तर कधीकधी आपोआप निम्मा कमी होतो.

नाही गेला तर हळू उडणारं थिनर. आमच्या इथे नाक्यावरच्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करणारे मामा आहेत, त्यांना मी फोटो दाखवला तर ते म्हणाले, "अहो दादा, पावसात डुको मारताना आम्ही पण साधं थिनर नाय वापरत, रिटार्डर टाकतो त्यात, नायतर अख्खा दरवाजा पांढरा पडतो." डुको म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेला एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, लॅकर. रिटार्डर म्हणजे असं सॉल्व्हंट जे सावकाश उडतं, त्यामुळे पृष्ठभाग एकदम गार होत नाही आणि शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. तेच थिनर एअरब्रशमधून अगदी हलकं, दव पडावं तितकंच, पांढऱ्या भागावर मारायचं. वरचा थर जरा सैल होतो, पोकळ्या मिटतात, आणि ढग विरघळताना समोर दिसतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं, तिने वासाने नाक मुरडलं पण बघितलं. अर्थात हेही कोरड्या दिवशी आणि कोमट बॉडीवरच, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

पण एक सावधान, गॅरेजचं थिनर प्लास्टिकच्या किटवर थेट मारू नका. स्टायरीन प्लास्टिक त्यात वितळतं, बारीक भेगा जातात, आणि ते मग कुठल्याच उपायाने परत येत नाही. मेटलवर चालतं. प्लास्टिकसाठी मॉडेलवाल्यांचं सौम्य थिनर घ्या, मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर येतं त्यात रिटार्डर आधीच असतो, तामियाचंही रिटार्डरवालं लॅकर थिनर मिळतं. महाग आहेत, पण एक छोटी बाटली बरीच पुरते. एअरब्रश नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे चांगल्या कोरड्या दिवशी त्याच पेंटचा किंवा ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक थराचा, एक जरा ओलसर हात, तोही बरंच काम करतो. आणि हे दोन्ही फसलं तरच २००० नंबरचा वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंड, पोकळ्या वरवरच असतील तर पॉलिशमध्ये निघून जातात.

पण आधी हे ब्लशिंगच आहे याची खात्री करून घ्या, कारण पावसाळ्यात चार वेगवेगळे रोग सारखेच दिसतात. बोटाला खरखर लागली तर ते पाणी नाही, पेंट हवेत सुकून भुकटी बसलीये, लांबून मारलंय किंवा अति पातळ मारलंय, तिथे रिटार्डरचा उपयोग नाही, घासायलाच लागतं. छोटे गोल खड्डे, माशाच्या डोळ्यासारखे, तर तेल, हाताचा घाम किंवा एअरब्रशमधून आलेला पाण्याचा थेंब. आणि बारीक फोड आले असतील तर बहुतेक खालच्या थरात पाणी अडकलंय. यातला फोडांचा प्रकार मला पद्मिनीच्या डिकीजवळ झाला होता. वॉटर पेपरने घासल्यावर धुतली, वरून पुसली, कोरडी वाटली, पण दरवाजाच्या रेषांमध्ये आणि खिडकीच्या खोबणीत पाणी बसलेलं होतं. मे महिन्यात ते अर्ध्या तासात उडतं, जुलैत दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच. आता धुतल्यावर रिकाम्या एअरब्रशने सगळ्या फटींमधून हवा मारतो, एकेका फटीतून जे थेंब उडतात ते बघून वाटतं की याच्यावर आपण पेंट मारत होतो.

आता मी काय करतो ते सांगतो. सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे डबा. धान्य ठेवायचा जुना पत्र्याचा डबा होता आईकडे, मोठा, झाकणाला भोकं पाडून त्यात चाळीस वॉटचा पिवळा बल्ब सोडलाय, सिरॅमिकच्या होल्डरमध्ये. एलईडी चालत नाही, तो उजेड देतो, ऊब नाही. आणि हा जुना बल्ब मिळवायला मला चार दुकानं फिरावी लागली, शेवटी एका किराणावाल्याकडे माळ्यावर सापडले, मी तीन घेऊन ठेवले. आत जाळीवर बॉडी, बल्बपासून वीतभर लांब, आणि एक स्वस्तातलं डिजिटल मीटर जे तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवतं. आतलं तापमान ३८ ते ४० वर स्थिर होतं. त्याच्या वर नेऊ नका, प्लास्टिकचे पातळ खांब, खिडक्यांमधले, वाकतात. मीटर नसेल तर हात आत घालून बघा, कपाळाला लावल्यावर ताप असल्यासारखी ऊब हवी, चटका नाही. स्प्रेच्या आधी तासभर बॉडी यात बसते आणि बाहेर निघते तेव्हा बाहेरच्या हवेपेक्षा सात-आठ डिग्री गरम असते. म्हणजे दवबिंदूपासून दहा डिग्रीचं अंतर आपण बल्बने विकत घेतलं. हवा कोरडी करायच्या भानगडीतच पडायचं नाही, बाल्कनीतला पावसाळा कोण कोरडा करणार, गाडी गरम ठेवायची.

अति गरम पण नको हं, ४५-५० डिग्रीच्या बॉडीवर लॅकर मारला तर तो पसरायच्या आतच सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखं टेक्स्चर येतं. हाताला कोमट, बस.

कॅनसुद्धा कोमट पाण्यात दहा मिनिटं उभा करतो. बादलीत, अंघोळीच्या पाण्यापेक्षा जरा कमी गरम. गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये किंवा उकळत्या पाण्यात कॅन घालणाऱ्यांनी कॅनवरची सूचना वाचा, ५० डिग्रीच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं आणि ते शोभेला नाही. कोमट कॅनमधून फवारा बारीक पडतो. एक बारीकसा धडा, कॅन बाहेर काढल्यावर बूड आणि नोझलखालची खाच फडक्याने कोरडी करा, मी एकदा तसाच उलटासुलटा केला आणि खाचेतलं पाणी सरळ छतावर ठिपकलं.

मग आइस्क्रीमचा प्लास्टिकचा चमचा. गाडीच्या आधी प्रत्येक वेळी एक चमचा, तोही डब्यात गरम केलेला, त्यावर एक हात मारायचा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं बघत बसायचं. चमचा पांढरा पडला तर गाडी परत डब्यात, आजचा कार्यक्रम रद्द. चमच्याला बाहेरचा आणि आतला असे दोन्ही बाक असतात त्यामुळे बोनेटवर पेंट कसा बसेल तेही कळतं. माझ्याकडे आता तारखा आणि आर्द्रता लिहिलेल्या चमच्यांची पिशवी आहे, आईला वाटतं मी आइस्क्रीम खातो.

वेळही महत्त्वाची. सकाळी लवकर मारू नका, हवा गार असते आणि आर्द्रता दिवसातली सगळ्यात जास्त. दुपारी एक ते चार हा त्यातल्या त्यात बरा काळ. माझ्या बाल्कनीत एकाच दिवशी सकाळी सातला ९४ आणि दुपारी अडीचला ७८ मी स्वतः बघितलंय. सर येऊन गेल्या गेल्या उन्हं पडली की मोह होतो, पण तेव्हा जमीन आणि भिंती वाफ सोडत असतात, तासभर थांबा.

हात मारताना एका वेळी हलका, दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, मधल्या वेळात बॉडी उघड्यावर न ठेवता उलट्या टबखाली. शेवटचा हात जरा ओला. मग वीस मिनिटं बाहेर, आणि त्यानंतरच परत डब्यात. हे वीस मिनिटांचं विसरू नका, ओला पेंट म्हणजे पेटणारी वाफ असते आणि ती बंद डब्यात गरम बल्बशेजारी कोंडायची नसते. मी झाकणाची भोकं मोठी ठेवलीत, आणि डबा चालू असताना घराबाहेर जात नाही.

एसीच्या खोलीतच का मारत नाही असं मला दोघांनी विचारलं. गणिताने बघितलं तर बरोबर आहे त्यांचं. ड्राय मोडवर तासभर चालवलेली खोली, २४ डिग्री आणि ५५ टक्के, दवबिंदू पंधराच्या आसपास, ब्लशिंग होणारच नाही. म्हणजे आत मारलं तरी चालतं, बाहेर ठेवलेली गाडी बाहेर मारली तरी निभावतं, घात होतो तो आतली गाडी बाहेर नेण्यात. पण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, पेंटची वाफ बाहेर टाकत नाही, त्यामुळे लॅकरचा कॅन आत मारायचा म्हणजे रात्री त्याच खोलीत डोकं धरून झोपायचं आणि आगीचा धोका वेगळा. एक्झॉस्ट लावला तर तो जितकी हवा बाहेर फेकतो तितकी दमट हवा दाराच्या फटींतून आत येते, एसीची सगळी मेहनत पाण्यात. आत मी फक्त पाण्यावरचे अॅक्रिलिक ब्रशने लावतो. त्यांना ब्लशिंग होत नाही, पण पावसाळ्यात ते सुकता सुकत नाहीत, दुसऱ्या दिवशी बोटाचे ठसे उमटतात. एनॅमलची तर बातच सोडा, आठवडाभर चिकट आणि डोंबिवलीतली सगळी धूळ त्यावर.

मॅट क्लिअर, म्हणजे चमक मारणारा पारदर्शक थर, हा यातला सगळ्यात बेभरवशाचा प्राणी. त्यात मुळात उजेड विखुरणारी पावडर असते, त्यात पाणी मिसळलं की सगळं पांढरं, आणि काळ्या टायरवर किंवा डेकॅल, म्हणजे चिकटवायचं छापील चित्र, लावलेल्या दारावर ते झालं की रडू येतं. तेव्हा ग्लॉस क्लिअरचा एक ओला हात मारून बघा, पुष्कळदा त्याखाली पांढरेपणा गायब होतो, मग मॅट कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवा. मी जून ते सप्टेंबर मॅट क्लिअर हातात घेत नाही, विषय संपला.

एअरब्रशवाल्यांना वेगळा त्रास असतो, त्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण यात मी एक पूर्ण पावसाळा घालवला. २९ डिग्री आणि ८५ टक्के हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. कॉम्प्रेसरने ती हवा पाचपट दाबली आणि टाकीत ती परत थंड झाली की त्यातलं पाऊण पाणी मावत नाही, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे पाणी टाकीत आणि पाइपमध्ये जमा. आणि एवढी हवा एअरब्रशला तासा-दीड तासात सहज लागते. दुकानात कॉम्प्रेसरसोबत जो काचेचा वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारा डबा, येतो तो टाकीलाच जोडलेला असतो, तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात त्याच्यातून आरामात निघून जातं आणि पुढे लांब पाइपमध्ये थंड होऊन थेंब बनतं. मग तुम्ही शांतपणे दरवाजा रंगवत असता आणि एअरब्रश एकदम थुंकते.

उपाय सोपा आहे. टाकी भरा, कॉम्प्रेसर बंद करा, अर्धा तास चहा प्या, टाकी गार झाली की खालचा ड्रेन उघडून पाणी सोडा, मग काम. पहिल्यांदा उघडलात तर तांबूस पाणी येईल, घाबरू नका, टाकी आतून गंजलीये एवढाच अर्थ, पण मग दर वेळी सोडत जा. दुसरं म्हणजे पाइप लांब घ्या, तीन-चार मीटर, त्याची वेटोळी पाण्याच्या बादलीत बुडवा आणि त्यानंतर, एअरब्रशच्या दांड्याजवळ, छोटा ट्रॅप लावा. तिथे पोचेपर्यंत हवा गार झालेली असते आणि पाणी पकडलं जातं. ट्रॅप उभाच ठेवा, आडवा झाला की साठलेलं सगळं पाणी एकदम गाडीवर. आणि मधूनमधून हाताच्या पाठीवर नुसती हवा मारून बघा, ओलसर लागलं तर थांबा.

टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनरवालं, घरी मारू नका. पावसाळ्यात तर नाहीच. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी भांडून कार्बन डायऑक्साइड सोडतं, थरात बारीक बुडबुडे अडकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे ते फुप्फुसांना घातक आहे, साध्या कापडी मास्कने काही अडत नाही. मला हवं असतं तेव्हा मी बॉडी मामांकडे देतो, ते एखाद्या बाइकची टाकी मारताना शेवटी दोन हात माझ्या गाडीला मारतात, बदल्यात मी त्यांच्या नातवाला एक छोटी गाडी देतो. साध्या लॅकरलाही कार्बन काडतुसांचा मास्क लागतोच, आणि दमट हवेत ती काडतुसं लवकर संपतात, वापर झाला की झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा.

मेटलवाल्यांसाठी अजून एक. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, रंग काढून उघडी बॉडी पावसाळी हवेत दोन दिवस ठेवली की तिच्यावर पांढरट पूड धरते, घामेजल्या बोटांचे डाग तर दुसऱ्याच दिवशी. रंग ज्या दिवशी काढाल त्याच दिवशी डबा आणि प्रायमर.

शेवटी बीटलचं काय झालं तर चौथ्या वेळी, १९ तारखेला दुपारी पावणेतीन, २९ डिग्री, ८१ टक्के, बॉडी डब्यातून कोमट, तीन हात, आणि मी चमच्यासारखाच तिच्याकडेही घड्याळ लावून बघत बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, बोनेटमध्ये दोरीवरचे टॉवेल दिसत होते. पांढरं काहीच नाही. वायपरच्या खोबणीत एक केस बसलाय, तो राहू दे.

पद्मिनी अजून अडकलीये. पिवळं आधी मारलं होतं, दोन दिवसांनी त्यावर टेप लावून खाली काळा मारला, पण पावसाळ्यात दोन दिवस म्हणजे काहीच नाही हे विसरलो, पिवळा वरून कडक आणि आतून मऊ होता, टेप काढली तर छतावर टेपचीच नक्षी उमटली. आता नख दाबून, आतल्या बाजूला कुठेतरी, खूण पडत नाही ना ते बघूनच टेप लावतो, डब्यात ठेवलं तरी तीन-चार दिवस. छत २००० नंबरने हलकं घासून ठेवलंय, पिवळ्याचा एक हात बाकी आहे. डबा तापतोय, चमचाही आत आहे, पण मीटर आत्ता ९१ दाखवतोय आणि बाहेर धो धो चालू आहे, त्यामुळे आज फक्त चाकांना सिल्व्हर, तेही ब्रशने.